दुबार नोंद

आमची ही पाच दिवसांसाठी बहिणीकडे गेली, तेव्हा दारात चपला पायात सरकवता सरकवता तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, कुंड्यांना पाणी घाला. दोन, माझ्या शिवणाच्या टेबलाला हात लावू नका. पहिले तीन दिवस मी या दोन्ही सूचना तंतोतंत पाळल्या, हे मला सुरुवातीलाच नमूद करायचं आहे. कुंड्यांना इतकं पाणी घातलं की तळमजल्यावरच्या चष्मेवाल्याने वर येऊन आमचा नळ फुटलाय का म्हणून चौकशी केली. आणि टेबलाला मी बोटसुद्धा लावलं नाही. टेबलावरच्या कॉम्प्युटरला लावलं. कॉम्प्युटर म्हणजे टेबल नव्हे, हे कुठल्याही कचेरीत मान्य होईल.

मी रेकॉर्ड विभागात तेहतीस वर्षं काढली. रेकॉर्ड विभाग म्हणजे कचेरीचं तळघर नव्हे, कचेरीची स्मरणशक्ती, असं मी निवृत्तीच्या समारंभात म्हणालो होतो. टाळ्या जरा कमी पडल्या, कारण नेमका तेव्हाच चहा आला. त्या तेहतीस वर्षांत मी एकच तत्त्व सांभाळलं: एका माणसाची एक फाईल. दुसरी सापडली की ती दुबार नोंद, आणि दुबार नोंद म्हणजे उंदराचं बीळ. आज एकच आहे म्हणून सोडून द्यावं, तर वर्षभरात भिंत पोकळ झालेली असते. माझ्या हाताखालच्या लोकांना हे पटत नसे. ते लोक आता बढत्या घेऊन वरच्या मजल्यावर बसतात, तो भाग वेगळा.

ही कपडे शिवते. पण सगळ्यांचे नाही. ज्यांच्या अंगाला बाजारातले कपडे बसत नाहीत, अशांचे. कोणाचा एक हात आखूड, कोणाच्या कमरेला पट्टा, एक गृहस्थ तर असे की त्यांचं पोट फक्त उजवीकडेच आलं आहे. अशी तेवीस माणसं तिच्याकडे वर्षानुवर्षं येतात. त्यांची मापं, त्यांच्यासाठी आखलेले नमुने, कुठे किती सोडायचं आणि कुठे किती घ्यायचं, हे सगळं कॉम्प्युटरमधल्या एका सॉफ्टवेअरमध्ये असतं. त्याचं दरवर्षी सबस्क्रिप्शन घ्यावं लागतं. म्हणजे आपण साध्या भाषेत वर्गणीदार व्हायचं.

मला स्वतःला या भानगडीची कधी गरज पडली नाही. देवाने मला सरळ अंग दिलं आहे. बाजारातला कुठलाही शर्ट माझ्या अंगावर ओतल्यासारखा बसतो. समोरच्या दारातले सर्वज्ञ (हे नाव त्यांना सगळ्या इमारतीने दिलेलं आहे, आणि ते अजून त्यांच्या कानावर गेलेलं नाही) मला नेहमी विचारतात, कुठून घेता हो शर्ट? मी म्हणतो, शर्टात काही नसतं, माणूस ताठ असावा लागतो. शर्ट ही आणते. आणल्यावर दोन दिवस तिच्या खोलीत ठेवते, नव्या कापडाची खळ जाऊ दे म्हणून, आणि मग माझ्या कपाटात येतो.

तर सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटरवरची धूळ पुसत होतो. पुसता पुसता तो जागा झाला. पडद्यावर तिचं ते सॉफ्टवेअर आलं आणि त्याने विचारलं, 'वर्गणीदार निवडा.' खाली दोन गोल होते. एका गोलात हिचा हसरा फोटो. दुसऱ्या गोलात फोटो नाही, नुसतं राखाडी डोकं. दोन्हीखाली नाव हिचंच.

एका बाईची दोन खाती! आणि तीही रेकॉर्ड विभागाच्या निवृत्त प्रमुखाच्या घरात! माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. कोणतं खरं आणि कोणतं दुबार, हे ठरवायला मला खाती उघडून बघायचीसुद्धा गरज वाटली नाही. आमच्याकडे सरळ नियम होता: ज्याला फोटो नाही तो अर्ज अपुरा, आणि अपुरा अर्ज निकालात काढावा. मी राखाडी डोक्यावर बोट ठेवून 'खाते कायमचे बंद करा' निवडलं.

त्याने विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, सर्व माहिती सात दिवसांनी कायमची पुसली जाईल, तुम्हाला नक्की खात्री आहे का? मी जरा चिडून पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला तो अपमान वाटला. तेहतीस वर्षांत माझ्या शेऱ्यावर कोणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. शेवटी त्याने कारण मागितलं. 'आता गरज नाही', 'दुसरे सॉफ्टवेअर वापरतो', 'इतर'. मी 'इतर'मध्ये स्वच्छ टाइप केलं: दुबार नोंद. त्यावर 'आम्हाला तुमची आठवण येईल' असं उत्तर आलं. मी चहा करून घेतला.

चहा घेऊन बसलो आणि केलेलं काम डोळे भरून पाहावं म्हणून फोटोवालं खातं उघडलं. त्यात तीन फायली होत्या. 'उशी', 'उशी नवी' आणि 'टेबलक्लॉथ'.

मी खाली सरकवून पाहिलं. वर सरकवून पाहिलं. तीनच. मग मला आठवलं की गेल्या वर्षी मुलगी आली होती आणि आईला नवीन काहीतरी शिकवायचं म्हणून तिने मोबाइल नंबरावर एक खातं काढून दिलं होतं. हसरा फोटो तिनेच काढला होता. हिने त्यावर दोन उश्या शिवल्या आणि पुन्हा आपल्या जुन्या खात्याकडे वळली. अकरा वर्षांचं जुनं खातं. त्या काळी फोटो लावायची पद्धतच नव्हती.

ही शुक्रवारी परत येणार होती. मुलीला फोन करायचा म्हटलं तर तिला सांगितलेली गोष्ट आठ मिनिटांत आईपर्यंत पोचते, हे मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे. तेव्हा हे मिटवायचं होतं, ते गुपचूप आणि शुक्रवारच्या आत.

पहिला उपाय मी कोणताही शहाणा माणूस करील तोच केला. बंद केलेल्या खात्यात परत शिरायला गेलो. हिचा ईमेल पत्ता टाकला. उत्तर आलं: 'या पत्त्यावर कोणीही वर्गणीदार नाही. कृपया नवीन नोंदणी करा.' बरं, म्हणून नवीन नोंदणी करायला गेलो. तोच पत्ता टाकला. उत्तर आलं: 'या पत्त्यावर आधीच वर्गणीदार आहे. कृपया प्रवेश करा.' प्रवेश करायला गेलो, तर कोणीही वर्गणीदार नाही. असा मी दुपारी दोनपर्यंत दोन दारांमध्ये येरझाऱ्या घालत होतो. एका दारात माझी बायको नव्हती आणि दुसऱ्या दारात ती आधीच येऊन बसली होती.

गुपचूप म्हणालो, पण आमच्या इमारतीत गुपचूप शिंकताही येत नाही. दुपारी सर्वज्ञ वर्तमानपत्र मागायला आले आणि माझा चेहरा बघून आतच शिरले. हे पूर्वी विमा विकत असत. समोरच्याला काय झालंय हे त्याने सांगायच्या आत त्यांना कळतं.

"हात्तिच्या!" ते म्हणाले. "एवढंच ना? वेगळा पत्ता द्या की. तुमचा टाका."

माझा टाकला. ताबडतोब 'स्वागत आहे!' आलं. आम्ही दोघांनी हात मिळवले. खातं उघडलं. आत काहीच नव्हतं.

"आता जुन्या खात्यातल्या फायली इकडे ओढायच्या," सर्वज्ञ म्हणाले.

"कशा?"

"जुनं खातं उघडून."

"ते उघडत नाही, म्हणून तर ही सगळी उठाठेव."

"मग तुमचा पत्ता त्याला चालत नसेल. माझा टाकून बघू."

मंगळवार संध्याकाळपर्यंत आम्ही त्यांचा पत्ता, त्यांच्या सौभाग्यवतींचा, सुनेचा, आणि ज्या विमा कचेरीतून ते निवृत्त झाले तिथला त्यांचा जुना पत्ताही टाकून पाहिला. तो अजून चालतो हे पाहून त्यांना गहिवरून आलं. प्रत्येक ठिकाणी 'स्वागत आहे!' आणि आत रिकामं. एका बाईची दोन खाती खपली नाहीत म्हणून कामाला लागलेला मी, दीड दिवसात घरात पाच नवी खाती उघडून बसलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि सहावं उघडायला गेलो तेव्हा पडदा लाल झाला: 'तुमच्याकडून संशयास्पद हालचाली होत आहेत. आपण माणूस असल्याचे सिद्ध करा.'

नऊ चित्रं आली. त्यातली जिने असलेली निवडायची होती. आठ सोपी होती. नवव्यात भिंतीला लावलेली शिडी होती.

"शिडी म्हणजे जिनाच," सर्वज्ञ म्हणाले. "वर चढता येतं की नाही?"

"शिडी हलवता येते. जिना हलवता येत नाही. जंगम आणि स्थावर हा फरक आहे."

"अहो, त्या यंत्राला कुठलं स्थावर-जंगम!"

मी त्यांचं ऐकलं. उत्तर आलं: 'आपण माणूस असल्याची खात्री पटलेली नाही. चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.' माझ्याबद्दल नोकरीत बरंच बोललं गेलं होतं, पण इतक्या स्पष्ट शब्दांत लिहून कोणी दिलं नव्हतं. मी सर्वज्ञांना वर्तमानपत्र देऊन घरी पाठवलं.

बुधवारी मी मदत विभागाकडे वळलो. तिथे एक यंत्र उत्तरं देतं. बोलतं मात्र इतकं गोड की आपण आजारी आहोत असं वाटायला लागतं. त्याने आधी माझी अडचण समजू शकते असं सांगितलं. मग तक्रार लिहायला एक फॉर्म दिला. फॉर्ममध्ये पहिलाच रकाना होता ग्राहक क्रमांक. मी विचारलं, ग्राहक क्रमांक कुठे मिळेल? ते म्हणालं, 'आपल्या खात्यात प्रवेश केल्यावर उजव्या कोपऱ्यात दिसेल. माझी मदत झाली का?'

ते वाक्य माझंच होतं. पंधराएक वर्षांपूर्वी खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ आले होते, हातात कापडी पिशवी. त्यांची फाईल बंद झाली होती. मी म्हटलं, फाईल नंबर आणा. ते म्हणाले, साहेब, तो कुठे मिळेल? मी म्हटलं, फाईलवर असतो. ते थोडा वेळ उभे राहिले, मग 'बरं' म्हणून गेले, आणि मी शेजारच्या टेबलाकडे बघून हसलो. पुढे ते आले की नाही मला माहीत नाही. बुधवारी मला त्यांची फार लाज वाटली. म्हणजे माझी वाटली, त्यांच्यापुढे. हे कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून कुंड्यांना पाणी घातलं.

त्याच दुपारी बेल वाजली. दारात संगीताच्या बाई. शाळेत चाळीस वर्षं संगीत शिकवून या महिन्यात निवृत्त होणाऱ्या. त्यांची पाठ लहानपणापासून वाकडी आहे, उजवीकडे उंच आणि मध्येच खोल. त्या हातात एक पुडी घेऊन आल्या होत्या.

"ताई शुक्रवारी येणार ना? अस्तराचं कापड द्यायचं राहिलं होतं. शनिवारी कोट कापायचाय त्यांना."

मी पुडी घेतली.

"पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं मी पियानोच्या आड बसले हो. आता सगळे म्हणतात, शेवटच्या वेळी तरी मुलांसमोर उभं राहून वाद्यवृंद चालवा. म्हणजे मुलांकडे तोंड आणि लोकांकडे पाठ. दीड तास." त्या हसल्या. "दुसरं कोणी शिवणारं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. बाजारातला कोट घातला की मी मागून तंबू दिसते. ताईंनी सुरुवातीला पाच कोट वाया घालवले, तेव्हा कुठे सहावा बसला. मग म्हणाल्या, तुमची पाठ आता माझ्याकडे नीट ठेवलेली आहे, काळजी करायची नाही."

"हो," मी म्हणालो. "नीट ठेवलेली आहे."

त्या गेल्यावर मी दाराला टेकून उभा राहिलो. माप काय, पुन्हा घेता आलं असतं. पण पाच कोट वाया घालवायला शनिवारपर्यंत वेळ नव्हता. आणि ही तर तेवीसमधली एक पाठ झाली. सोमवारी सकाळी सगळीच पुसली जाणार होती.

मी खाली चष्मेवाल्याकडे गेलो. हा माणूस कमी बोलतो आणि बोलतो तेही वाईटच, पण त्याच्या दुकानात डोळे तपासायचं एक यंत्र आहे आणि ते तो स्वतः दुरुस्त करतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, माझा चष्मा काढून पुसला आणि परत दिला.

"जाणार सगळं," तो म्हणाला. "एक आहे. अकरा वर्षांपूर्वी असली सॉफ्टवेअरं खोक्यातून यायची. खोक्यावर फोन नंबर असायचा. माणसाचा. हल्ली कुणी छापत नाही."

खोकं! ते मी पाहिलं होतं. शिवणाच्या टेबलाच्या मोठ्या खणात.

गुरुवारी सकाळी, चष्मेवाल्याला साक्षीला ठेवून, मी टेबलाला हात लावला. खण अडकला होता. मी ओढला, तो आला नाही. चष्मेवाला म्हणाला, हळू. मी दोन्ही हातांनी ओढला, तर खण, खोकं आणि मी एकदमच बाहेर आलो, आणि त्यापाठोपाठ बटणं. हजारभर तरी असतील. खोलीभर, कॉटखाली, मशीनच्या पायट्याखाली. खोक्यावर नंबर होता, पण फोन करण्याआधी ही बटणं गोळा करून जागच्या जागी ठेवणं भाग होतं. आम्ही दोघे गुडघ्यांवर रांगत होतो. मग माझा मूळ स्वभाव उफाळून आला. आकारानुसार एक, रंगानुसार दोन, भोकांच्या संख्येनुसार तीन, अशी मी सगळी बटणं डब्यांतून लावली. चार दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

"हे कागद कसले?" चष्मेवाल्याने विचारलं. त्याच्या हातात छोट्या छोट्या मोकळ्या पुड्या होत्या. प्रत्येकीवर हिच्या अक्षरात एकेका गिऱ्हाइकाचं नाव होतं.

मी जमिनीवरच बसलो. चष्मेवाला म्हणाला, "मी सांगितलं होतं, हळू."

गुरुवारभर फोन लागला नाही. शुक्रवारी सकाळी साडेनऊला लागला. ही संध्याकाळी येणार होती, म्हणजे हातात पूर्ण दिवस होता. चष्मेवाल्याने फोन मोठ्या आवाजावर ठेवला, कारण वाट बघताना माझा कान लाल झाला होता. सर्वज्ञही आले, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पन्नास मिनिटं फोनवर एकच सूर वाजत होता आणि पंचविसाव्या मिनिटापासून सर्वज्ञ तोच गुणगुणत होते. मग खरखर झाली आणि एक आवाज आला. पुरुषाचा, वयस्क, खोकल्याने थोडा बसलेला. खराखुरा माणूस! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी सगळं सांगितलं. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.

"खातं वर्गणीदाराने स्वतः बंद केलेलं दिसतं," तो म्हणाला. "कारण: दुबार नोंद."

"ते चुकून झालं."

"तीनदा खात्री विचारली होती. तिन्ही वेळा हो म्हटलंय. स्वतः बंद केलेलं खातं उघडता येत नाही. मुदत संपेपर्यंत त्या पत्त्यावर नवीनही काढता येत नाही. नियमात नाही, साहेब."

सर्वज्ञ कुजबुजले, "वरच्या साहेबाला द्या म्हणावं. आरडाओरडा करा." चष्मेवाल्याने मान हलवली आणि आपली टोपी उचलली.

पण ते 'नियमात नाही' माझ्या ओळखीचं होतं. ते कसं म्हणतात, म्हणताना खुर्चीत कसे मागे रेलतात, आणि आरडाओरडा करणाऱ्याला त्यानंतर काय मिळतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी आवाज खाली आणला.

"बरोबर आहे, नियमात नसणार," मी म्हणालो. "एकच विचारतो. तुमच्या स्वतःच्या माणसाच्या हातून चुकून एखादं खातं बंद झालं, तर ते कुठे ठेवता?"

पलीकडे खुर्ची करकरली.

"म्हणजे?"

"आमच्याकडे खालचा कप्पा होता. आमच्या चुकीने निकालात निघालेल्या फायली महिनाभर त्यात राहायच्या. कुठल्या रजिस्टरात नव्हता. लोकांना आम्ही कधी सांगितला नाही."

"आपण कोण बोलताय?"

"रेकॉर्ड विभाग. तेहतीस वर्षं. गेल्या वर्षी निवृत्त झालो."

तो हळूच खोकला. "माझी आठ महिन्यांत होतेय," तो म्हणाला. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. "असा एक फॉर्म आहे. आतला. पण त्याला खातेदार स्वतः लागतील. तुमच्या मिसेस आहेत का जवळ? दोन प्रश्न विचारावे लागतात, आवाजात. आणि आत्ताच. फोन ठेवलात तर पुन्हा माझ्याकडेच लागेल असं नाही."

मी म्हणणार होतो की ती संध्याकाळी येणार आहे, एवढ्यात कुलपात किल्ली फिरली. ही सकाळचीच गाडी धरून आली होती. तिने दारातून एक नजर फिरवली. डब्यांत रंगवार लावलेली बटणं. सर्वज्ञ. टोपी हातात घेतलेला चष्मेवाला. आणि तिच्या टेबलाशी, तिच्या खुर्चीत, मी.

काहीतरी रचून सांगायला पाच दिवस मिळाले होते. एकही शब्द आठवला नाही.

"तुझं खातं मी पुसलं," मी म्हणालो.

"कुठलं? उशीचं ना?"

"नाही गं. दुसरं."

ती हातातल्या बॅगेवरच बसली. त्यापेक्षा तिने भांडी फेकली असती तर परवडलं असतं. मी फोन तिच्यापुढे धरला. "हे गृहस्थ उघडून देतायत. तू फक्त उत्तरं दे."

"ताई," फोनमधला आवाज म्हणाला, "खात्यातली सर्वांत जुनी फाईल कोणाच्या नावाची आहे?"

हिने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा मोठा आवाज बंद करा आधी."

मी बटण शोधू लागलो. सर्वज्ञही मदतीला आले. आम्ही दोघांनी मिळून आवाज आणखी वाढवला.

"ताई, लाइन तुटेल. सर्वांत जुनी फाईल?"

"दुसरं काही विचारा ना," ही म्हणाली. "संगीताच्या बाईंचं विचारा. त्यांची पाठ मला तोंडपाठ आहे."

"प्रश्न मी निवडत नाही ताई. इथे हाच आलाय."

ही बॅगेवरून उठली. पदराने कपाळ पुसलं.

"आमचे हे," ती म्हणाली. "फाईलचं नाव 'आमचे हे'."

मी सर्वज्ञांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"बरोबर. आता त्या फाईलमध्ये एक टीप लिहिलेली आहे. ती सांगा."

हिने डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं, "डावा खांदा पाऊण इंच खाली. बाजारातला शर्ट आणला की दोन्ही बाजू उसवून डावीकडून उचलून घेणे. आतून पट्टी लावणे. त्यांना सांगायचं नाही."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला, मग थांबला.

"शब्द न् शब्द बरोबर," तो म्हणाला. "खातं उघडलंय, ताई." थोडं थांबून त्याने विचारलं, "साहेब आहेत का अजून?"

"आहे," मी म्हणालो.

"माझा उजवा आहे," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पडद्यावर राखाडी डोकं परत आलं होतं. ही माझ्या जागी येऊन बसली, एकेक फाईल उघडून पाहू लागली. संगीताच्या बाईंची पाठ होती. पट्टेवाली होती, उजव्या पोटाचे गृहस्थ होते. तेवीसच्या तेवीस. तिने सुस्कारा सोडला. चष्मेवाला आणि सर्वज्ञ कधी गेले मला कळलं नाही. सर्वज्ञ जाताना दार स्वतःहून लावून गेले, तेवढं मात्र लक्षात आलं. असं त्यांनी पूर्वी कधी केलेलं नव्हतं.

मी अंगावरच्या शर्टाच्या खांद्यावरून आतून हात फिरवला. डावीकडे पट्टी होती. बारीक टाक्यांची, बाहेरून दिसणार नाही अशी. अकरा वर्षं मी लोकांना ताठ राहायला सांगत होतो.

"पाऊण इंच?" मी विचारलं.

"सव्वा," ही पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "निघायच्या आदल्या रात्री तुम्ही झोपला होतात तेव्हा मोजला. तेच लिहायला बसणार होते, तर बहिणीचा फोन आला. आता सरका जरा, लिहून घेते. आणि ती बटणं कुठल्या पुडीतली कुठली, ते मी सांगते तसं लावायला बसा."

मी बसलो. थोडा डावीकडे कलूनच बसलो. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.